बांधाशी संपणारे रस्ते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या उपनगरांतल्या कोंडीची बातमी आली की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. रस्ता किती रुंद करायचा, उड्डाणपूल कुठे टाकायचा, वर्तुळाकार रस्ता कधी होणार. या कामांची गरज नाही असे कोणी म्हणणार नाही, पण दुखणे दुसरीकडे आहे आणि त्यावर फारसे बोलले जात नाही. वाघोली, उंड्री, पिसोळी, नऱ्हे, आंबेगाव, ताथवडे या पट्ट्यांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे लहान रस्ते तयार झाले, त्यांतले कितीतरी एकाच तोंडाचे आहेत. मुख्य रस्त्यावरून आत शिरतात आणि गटाच्या, म्हणजे महसुली नोंदीतल्या एका जमिनीच्या, हद्दीवर, बांधाशी संपतात. पलीकडच्या गटातला रस्ताही त्याच बांधापर्यंत येऊन थांबलेला असतो. मधे सहा फुटी भिंत.

हे कोणाच्या नजरचुकीने झालेले नाही, कामाच्या पद्धतीतच ते आहे. १९९७ मध्ये मंजूर झालेल्या पुणे प्रादेशिक योजनेने मोठे रस्ते दाखवले. बारीक रस्त्यांचे जाळे दाखवणे हे प्रादेशिक योजनेचे कामच नव्हे. ते काम गावाच्या विकास आराखड्याने करायचे असते. पण गावे पालिकेत येतात उशिरा आणि आराखडा त्याहून उशिरा. १९९७ मध्ये ३८ गावे घेण्याचे ठरले आणि पुढे त्यांतली काही वगळली गेली. मग २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, स्थापन झाले ते २०१५ मध्ये. या मधल्या सगळ्या काळात बांधकामे थांबली नव्हती. एकेका गटापुरता लेआउट, म्हणजे रस्ते आणि भूखंडांची आखणी, तयार व्हायचा, त्या गटापुरताच तपासला जायचा आणि मंजूर व्हायचा. शेतजमिनीचे तुकडे अरुंद आणि लांब असतात, त्यामुळे मधोमध एक ९ मीटरचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना इमारती, एवढेच त्यात बसते. शेताचा जो आकार, तोच रस्त्याचा.

गुंठेवारीत हेच आणखी लहान प्रमाणावर घडते. एकराचे ४० गुंठे. त्यातून पंधरा-वीस फुटांची एक वाट सोडायची आणि बाकीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकायचे. वाट शेवटच्या तुकड्यापर्यंतच नेली जाते, कारण त्यापुढे नेली तर विकायला जागा कमी उरते. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती यांनी अशी बांधकामे नियमित करण्याची सोय केली. मात्र घर नियमित झाल्याने त्याच्या पुढची बंद वाट उघडत नाही.

रस्त्यांची जोडणी मोजता येते आणि ते अवघड नाही. नकाशा घ्या. जिथे रस्ता संपतो त्या टोकाला १ गुण, तिठ्याला ३, चौकाला ४. बेरीज करून एकूण ठिकाणांनी भागा. सगळीकडे चौकच असतील तर सरासरी ४ येईल. आता एखादा नेहमीचा लेआउट धरा: ५ तिठे, ७ बंद टोके. १५ अधिक ७ म्हणजे २२, भागिले १२, उत्तर १.८३. ही झाडाच्या फांद्यांसारखी रचना आहे. कोणत्याही फांदीवरून शेजारच्या फांदीवर जायचे तर खोडापर्यंत यावे लागते. त्याच सातांपैकी तीन टोके शेजारच्या रस्त्याला नेऊन भिडवली आणि तिथे तिठे झाले, की ८ तिठे व ४ टोके उरतात, सरासरी २.३३ होते. इमारती तिथेच, माणसे तेवढीच, रस्त्याची लांबी जेमतेम काही मीटर वाढलेली. बंद टोक फुकट पडत नाही, हेही लक्षात घ्यावे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार अशा टोकाशी गाडी वळवायला किमान ८१ चौरस मीटर जागा लागते आणि तिची कोणतीही बाजू ९ मीटरपेक्षा कमी चालत नाही. सात टोकांना मिळून ५६७ चौरस मीटर, म्हणजे साडेपाच गुंठे जमीन केवळ गाडी मागे फिरवण्यासाठी जाते. प्रत्यक्षात ही जागा कोणी सोडत नाही आणि कचऱ्याची गाडी अर्धा रस्ता रिव्हर्समध्ये येते, तो भाग वेगळा.

दुसरे माप याहून सोपे आहे: प्रत्यक्ष चालायचे अंतर भागिले सरळ रेषेतले अंतर. काटकोनी जाळ्यात वाईटात वाईट स्थितीत हे गुणोत्तर १.४१ होते. आता भिंतीच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून १०० मीटरवर असलेल्या दोन इमारती घ्या. पहिलीपासून मुख्य रस्ता ३५० मीटर, मुख्य रस्त्यावरून दुसऱ्या फाट्यापर्यंत ३०० मीटर आणि पुन्हा आत ३५० मीटर. शंभर मीटरसाठी एक किलोमीटर, गुणोत्तर १०. मधे दुभाजक असला तर यू-टर्नचे वेगळेच. साहजिकच माणूस दुचाकी काढतो. आणि त्याचे ते ३०० मीटर नगर रस्त्यावर मोजले जातात. (कागदोपत्री आता तो अहिल्यानगर रस्ता आहे, बोलण्यात मात्र नगर रोडच.) शाळेत, दवाखान्यात, वाण्याकडे जाणारी ही गल्लीतली रहदारी महामार्गावर येते आणि सर्वेक्षणात महामार्गाची गरज म्हणून नोंदली जाते. मग तिच्यासाठी उड्डाणपूल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार.

एकेरी वाहतुकीचे उदाहरण बघावे. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता ही एकेरी जोडी चालते, कारण दोन्ही जवळजवळ समांतर आहेत आणि मधे एकमेकांना जोडणारे आडवे रस्ते आहेत. लक्ष्मी रस्त्याला कुमठेकर रस्त्याचा आधार आहे. पेठांतले रस्ते अरुंद आहेत, त्यांच्यावर टीकाही बरीच होते, पण एक बंद पडला तर दुसऱ्याने वाट निघते. वाघोलीत वाहतूक पोलिसांनी कितीही कल्पकता दाखवली तरी एकेरी करणार काय? मुख्य रस्त्याला समांतर असा सलग दुसरा रस्ताच नाही. तिथे एक बस बंद पडली की गावच थांबते.

हा कल केवळ पुण्याचा नाही. उपग्रहचित्रे आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारे झालेल्या जागतिक अभ्यासांतून दिसते की १९७५ नंतर जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते जुन्यांपेक्षा अधिक तुटक होत गेले. जपान, अर्जेंटिना, बोलिव्हिया अशा देशांनी जोडलेली रचना बऱ्यापैकी टिकवली. अमेरिकेत नव्या रस्त्यांची जोडणी १९९४ च्या सुमारास सर्वांत खालच्या पातळीला गेली आणि तिथून सुधारू लागली. तिथल्या व्हर्जिनिया राज्याची युक्ती आपल्या कामाची आहे. २००९ मध्ये त्या राज्याने सांगितले, की नव्या वसाहतीचे रस्ते सरकारने देखभालीसाठी ताब्यात घ्यायला हवे असतील तर ते शेजारच्या जमिनींना जोडलेले असले पाहिजेत. पुढे २०११ मध्ये जोडणीचे प्रमाण मोजणाऱ्या गुणांकाची अट सैल केली, शेजारच्या जमिनींना जोडण्याची अट ठेवली. देखभालीचा खर्च अंगावर येणार म्हटल्यावर विकासक नकाशा वेगळा काढतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. विस्कळीत वाढ म्हटले की डोळ्यासमोर पसरलेले बंगले येतात. उंड्री-पिसोळीत बारा-पंधरा मजली इमारती आहेत, दाटी भरपूर आहे. तरीही रस्त्यांच्या हिशेबाने ती विस्कळीत वाढच आहे, आणि बंगल्यांच्या वस्तीपेक्षा जास्त त्रासाची, कारण तेवढ्याच एका तोंडातून दहापट माणसे बाहेर पडतात.

आता कायद्याचे. राज्यात २ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे युडीसीपीआरमध्ये, लेआउट मंजूर करताना शेजारच्या जमिनींतील रस्त्यांशी समन्वय साधावा, अशी तरतूद आहे. त्यामुळे नवा नियम मागण्याची गरज नाही. आहे तो कागदावरून जमिनीवर येताना कुठे गळतो, ते पाहिले पाहिजे.

पहिली गळती फूटभर पट्टीची. नकाशात रस्ता हद्दीपर्यंत दाखवलेला असतो, पण रस्त्याचे टोक आणि बांध यांच्यामध्ये फूट-दोन फुटांची पट्टी मालकाच्या नावावर ठेवली जाते. उद्या शेजाऱ्याला रस्ता जोडायचा झाला की त्या पट्टीची किंमत मागायची. दुसरी गळती मोजणीची: लेआउट एका मोजणीवर, शेजारचा दुसऱ्या मोजणीवर, आणि दोन्हींच्या क प्रती, म्हणजे मोजणीचे नकाशे, जुळवून कोणी पाहिलेल्या नसतात. कागदावर समोरासमोर असलेले रस्ते जागेवर चार-पाच मीटर सरकलेले निघतात. तिसरी गळती सर्वांत दुर्लक्षित आहे, ती म्हणजे पातळी. एका विकासकाने मुरूम टाकून जमीन दीड मीटर उचलली, शेजाऱ्याने तळघरासाठी खोदली. मधे राखण भिंत उभी राहते. दीड मीटरचा फरक १:२० च्या उताराने काढायचा म्हटले तरी ३० मीटर लांबी लागते, आणि तेवढ्या लांबीत दोन इमारतींची फाटके आलेली असतात. रस्ता नकाशात जोडलेला असूनही तिथून गाडी कधीच जाणार नाही. चौथी गळती खुल्या जागेची. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ती सोयीस्करपणे मागच्या हद्दीला लावली की रस्त्यापुढे बाग येते. बागेतून रस्ता काढा म्हणणारा मग पर्यावरणाचा शत्रू ठरतो.

या चारही गोष्टी मंजुरीच्या टेबलावर थांबवता येतात. लेआउटच्या नकाशावर स्वतःच्या गटाबरोबर भोवतीचे सर्व गट, त्यांतले मंजूर रस्ते आणि हद्दीवरील पातळ्या दाखवणे सक्तीचे करावे. प्रत्येक हद्दीवर साधारण दर १५० मीटरला एक रस्ता थेट बांधाला टेकलेला हवा, पट्टी न ठेवता. शेजारची जमीन आज शेती असली तरीही, कारण ती कायम शेती राहणार नाही. तो तुकडा शेवटच्या मीटरपर्यंत खडीकरणासह पूर्ण झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. आणि रस्ता पालिकेकडे हस्तांतरित झाल्याची नोंद सातबाऱ्यावर घालावी. ही नोंद राहून गेली की दहा वर्षांनी सोसायटी म्हणते, रस्ता आमचा. आणि फाटक बसते. तिथे सोसायटीला दोष देण्यातही अर्थ नाही, तिच्या कागदात तसेच लिहिलेले असते.

खर्चाचा विचार केला तर ही वेळ साधण्यासारखी का आहे ते कळते. लेआउट मंजूर होताना अंतर्गत रस्त्याची जमीन विकासकाकडून मोबदल्याविना मिळते. तीच जमीन इमारती उभ्या राहिल्यावर ‘मिसिंग लिंक’ (राहून गेलेला तुकडा) म्हणून घ्यायची तर टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क), वाढीव एफएसआय (जादा बांधकामाची परवानगी) किंवा रोख मोबदला, न्यायालयातली वर्षे आणि मधल्या दोन खोल्यांचे पुनर्वसन. शंभर मीटरच्या तुकड्यासाठी घोंगडे भिजत पडते.

किती रस्ते पुरेत, याचे एक माप संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने, यूएन-हॅबिटॅटने दिले आहे: एका चौरस किलोमीटरमध्ये किमान १८ किलोमीटर रस्ते. चौकोनी जाळे धरले तर दर १११ मीटरला एक रस्ता, एवढाच याचा अर्थ. दर ४०० मीटरला रस्ता असेल तर लांबी ५ किलोमीटरवर येते. १०० मीटरच्या जाळ्यात सरासरी रुंदी १२ मीटर ठेवली तर रस्त्यांखाली सुमारे २३ टक्के जमीन जाते. थोडेसेच पण ४५ मीटर रुंद रस्ते आखण्यापेक्षा हे परवडते आणि उपयोगी पडते. बसथांबाही पाच-सात मिनिटांच्या चालीवर येतो. आज पीएमपीची बस आतल्या वस्तीत जात नाही त्याचे एक कारण हेच आहे, आत गेलेल्या बसला पुढे निघायला वाट नाही.

पाइपलाइनही रस्त्याखालूनच जाते, हे बहुधा विसरले जाते. बंद रस्त्याखालच्या नळाचे टोकही बंद असते. तिथे पाणी साचून राहते, गाळ बसतो, क्लोरीनचे प्रमाण उतरते आणि शेवटच्या घराला दाब मिळत नाही. रस्ते जोडले की नळही वळसा घालून जोडता येतो, दोन्ही बाजूंनी पाणी येते आणि दुरुस्तीसाठी अख्खी गल्ली बंद करावी लागत नाही. सांडपाण्याचे उलटे: त्याला उतार हवा. रस्ता नाल्याच्या दिशेने न जाता बांधाशी थांबला की पंप बसवावा लागतो. इमारत संहितेत बंद रस्त्याचे टोक सुरुवातीपेक्षा उंच असावे असे म्हटले आहे ते याच कारणाने, म्हणजे पाणी आत न साचता बाहेर वाहावे. आपल्याकडे किती बंद गल्ल्यांत हे पाळलेले दिसते, ते पावसाळ्यात जाऊन पाहावे.

जिथे अजून शेती आहे तिथे यापेक्षा चांगला उपाय हाताशी आहे: नगररचना योजना, बोलीभाषेत टीपी स्कीम. तिची कल्पना जुनी आहे, मुंबई इलाख्यात १९१५ पासून कायदा होता. वांद्रे, खार, सांताक्रूझ आणि पुण्यातले भांबुर्डे (आजचे शिवाजीनगर) अशा योजनांतून आखले गेले. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या आणि प्रत्येकाला लहान पण चौरस, रस्त्यालगतचा अंतिम भूखंड परत द्यायचा. बांध उरतच नाही, मग रस्ता त्याच्याशी थांबेल कशाला? अहमदाबादने वाढीचा मोठा भाग याच मार्गाने केला. आपल्या १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ही सोय पहिल्यापासून आहे. मधली कित्येक दशके ती जवळपास पडून होती आणि पीएमआरडीएने म्हाळुंगे-माणपासून ती पुन्हा हाती घेतली. अडचण वेळेची आहे. मसुदा, मंजुरी, लवाद, अंतिम योजना या टप्प्यांना वर्षे लागतात आणि तोवर आतले गट गुंठ्यांनी विकले जातात. मसुदा मंजूर होताच रस्त्यांची जमीन ताब्यात घेऊन निदान मुरूम टाकला, तरी निम्मी लढाई जिंकली.

रस्ते जोडले की बाहेरची वाहने आमच्या कॉलनीतून धावतील, हा आक्षेप हमखास येतो आणि तो खोटा नाही. एकच रस्ता जोडला आणि शेजारचे चार बंद ठेवले तर त्या एकावर लोंढा येणारच. सगळे जोडले तर तो वाटला जातो. शिवाय जोडणी म्हणजे मोठे चौकच हवेत असे नाही. चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना छेदण्याचे, मिळण्याचे आणि फुटण्याचे मिळून ३२ बिंदू असतात, तिठ्यावर ९. थोडे सरकवलेले तिठे ठेवले तर वेग आपोआप उतरतो आणि जोडणीही राहते. टेकड्या, नदी, कालवा, रेल्वे, लष्करी हद्द यांच्यामुळे तुटलेले रस्ते समजण्यासारखे आहेत. दोन गटांमधल्या भिंतीला तसले कारण नाही.

जिथे सगळे बांधून झाले आहे तिथे गाडीचा रस्ता विसरावा आणि पायवाट मागावी. दोन सोसायट्यांच्या सामाईक भिंतीत दीड-दोन मीटरचे फाटक, दिवा, सकाळी ६ ते रात्री १० खुले. चारचाकी अडवायला १.२ मीटर अंतरावर खांब पुरतात, चाकाची खुर्ची त्यातून जाते. दुचाकीही जाते, ती खांबांनी थांबत नाही. तिथे सोसायट्यांनी आपसात ठरवावे. शाळेला जाणाऱ्या मुलांचा एक किलोमीटरचा वळसा एवढ्याने वाचतो.

वाचकांसाठी एक सूचना. आपल्या गावाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २६ खाली हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. बहुतेक हरकती स्वतःच्या जमिनीवरच्या आरक्षणाबद्दल असतात. ‘आमच्या भागात कोंडी होते’ असे मोघम लिहिलेल्या हरकतीचे काही होत नाही. आपल्या गल्लीचे बंद टोक कोणत्या गट नंबरात आहे, तिथे रस्त्याची रुंदी किती, पलीकडचा गट नंबर कोणता, त्यात मंजूर लेआउट आहे का, मधला तुकडा किती मीटरचा आणि त्यावर आज काय उभे आहे, एवढे लिहून गावनकाशाची प्रत जोडावी. सुनावणीला तीच प्रत घेऊन जावे आणि त्या तुकड्यावर किमान ९ मीटरचा रस्ता आराखड्यात दाखवण्याची मागणी लेखी नोंदवून घ्यावी.

आपला,
नगररचना क्षेत्रात काम करणारा एक वाचक, पुणे